परतीच्या रांगा

वज्रेश्वरीच्या अलीकडे आमच्या कंपनीची द्राक्षाची रोपं होती. दमट हवेत टिकणारी एक रानवेल आणि सुगंधी द्राक्षाची एक वेल, यांच्या संकरातली. दोन्ही गुण एका वेलीत यावेत, एवढंच हवं होतं. फळ धरायला तीन वर्षं जातात, पण वासाच्या जनुकाची खूण, म्हणजे मार्कर, कोवळ्या पानातही सापडते. म्हणून पानं दापोड्याला, गोदामांमधल्या आमच्या लॅबमध्ये यायची. मी त्यांतून डीएनए काढायचे आणि ज्या रोपांत ते जनुक नाही, ती उपटायला कळवायचे.

पानं शेतावरच्या एक काकू तोडायच्या. प्रत्येक रांगेची वेगळी पिशवी, आत पाकिटांवर एक ते वीस आकडे. फाटकाजवळचं रोप एक नंबरचं, असं मी धरलं आणि तक्ता केला; उपटायची रोपंही फाटकापासून मोजूनच कळवली. मोजणी कुठून केली हे विचारायला एकदा फोन हातात घेतला होता. अनोळखी माणसाशी बोलायचं तर मला आधी मनात वाक्य जुळवावं लागतं, मराठीत जास्तच, ती घरची भाषा नाही. वाक्य जुळेना. फोन ठेवून दिला.

यंदा पहिली फळं आली. लॅबचे सर आणि मी वेलीवेलीजवळ थांबून चाखत गेलो. गोड पाणी, बाकी काही नाही.

"याच्यापेक्षा काकडीला वास असतो," सर म्हणाले. "तुमचा मार्करच फसवा निघाला." आणि फोनवर बोलत गाडीकडे गेले.

मी तिथेच उभी राहिले. काकू गवत कापत रांगेच्या टोकाला गेल्या आणि शेजारच्या रांगेतून कापतच परत आल्या.

"काकू, पानं तोडताना पण असंच चालायचात?"

"मग? रांग संपली का दुसरीतनं परत. रिकामी उलटी कोण चालंल, ताई? तुमी चालता?"

"आणि आकडे?"

"जितनं तोडायला लागले, तितनं एक."

"उपटलेली रोपं कुठे टाकलीत?"

"चुलीत गेली कवाच. वासबीस न्हाय आला हां, नुसता धूर." त्या हसल्या. मीही हसले असेन.

लहानपणी कामतघरला आमच्या घराच्या भिंतीपलीकडे लूम, म्हणजे यंत्रमाग, होते. धोटा तिकडे जाताना सूत सोडतो, परत येतानाही सोडतो. रिकामा येत नाही. त्याच आवाजात मी बारा वर्षं अभ्यास केला.

दुसऱ्या दिवशी तक्त्यातल्या सम रांगा उलट्या केल्या: त्यांचा एक नंबर फाटकापासून लांबच्या टोकाला. विषम रांगांतली निवड बरोबर होती, पण तिथल्या सुगंधी वेली पहिल्याच पावसाळ्यात करप्याने मेल्या होत्या. सम रांगांत वासाचं जनुक असलेली नऊ रोपं होती. नऊही मीच उपटायला लावली होती. त्यातली किती पावसात टिकली असती, हे आता कळणार नाही.

सरांना सांगितलं. इंग्रजीत, कारण त्यात माझा आवाज कमी थरथरतो. त्यांनी तक्ता आपल्याकडे ओढला.

"डीएनए आहे अजून?"

"फ्रीजरमध्ये आहे."

"त्यातून वेल येते का?"

"नाही."

"सुगंधी मूळ वेलही गेली. भाड्याची जमीन परत द्यायचं ठरलंय," ते म्हणाले. "डीएनएचा डबा टाकून द्या."

मी डबा काढला. त्या नऊ रोपांच्या नळ्यांवरच्या चुकीच्या पट्ट्या सोलल्या, बरोबर नंबर लिहून नव्या लावल्या आणि डबा परत आत ठेवला.