एक प्लॉट, एक इमारत

कॉलनीचं सेक्रेटरीपद सूर्यकांत लाटकरांनी मागून घेतलेलं नव्हतं. दुसरं कुणी घेईना म्हणून ते त्यांच्या गळ्यात पडलं आणि तीस वर्षं तिथेच राहिलं. फरीदाबादच्या त्या कॉलनीत चौसष्ट प्लॉट होते. सगळे केंद्र सरकारच्या नोकरदारांनी सोसायटी काढून घेतलेले. मराठी घरं दोनच, लाटकरांचं आणि शेजारच्या गुलाबराव थोरातांचं. दोघं दिल्लीत कस्तुरबा गांधी मार्गावरच्या एकाच ऑफिसात होते. सकाळी एकाच चार्टर्ड बसने जायचे, संध्याकाळी तिनेच यायचे. प्लॉटही शेजारी शेजारी मिळावेत म्हणून दोघांनी मिळून अर्ज केला होता.

नियम केला तो त्र्याण्णव साली. कोपऱ्यातल्या एका माणसाने मागच्या अंगणात ओळीने आठ खोल्या बांधल्या आणि कारखान्यातल्या मजुरांना भाड्याने दिल्या. दोन महिन्यांत सीवर तुंबलं आणि सगळ्या गल्लीत घाण पाणी उभं राहिलं. तेव्हा लाटकरांनी ऑफिसच्या टाइपरायटरवर ठराव टाइप केला: एका प्लॉटवर एकच इमारत. ठरावाला अनुमोदन दिलं गुलाबरावांनीच. त्या दिवशी लाटकरांच्या घरी पुरणपोळी होती, आणि दोघं बराच वेळ आपल्या हुशारीवर खूश होऊन बसले होते.

चार वर्षांपूर्वी तेच गुलाबराव एका सकाळी हातात बांधकामाचा नकाशा घेऊन आले. लाटकर तेव्हा सत्तरीचे. गुडघ्यांनी दगा दिला होता, आणि पाण्याची मोटार, गेटचा चौकीदार, कुत्र्यांच्या तक्रारी हे सगळं ते सवयीने ओढत होते.

"मागे एक खोली, एक किचन, बाथरूम," गुलाबराव म्हणाले. "ताईसाठी."

अहिल्याताई म्हणजे गुलाबरावांची थोरली बहीण. नगर जिल्ह्यातल्या एका सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. आई-वडील लवकर गेले तेव्हा गुलाबरावांना त्यांनीच शिकवलं, स्वतःचं लग्न राहून गेलं ते राहूनच गेलं. आता अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी एकटं राहणं जमेना म्हणून भावाकडे आल्या होत्या. पण घर गुलाबरावांचा मुलगा जयेश आणि सून यांचं झालं होतं. भांडण कुणाशीच नव्हतं. अहिल्याताईंना फक्त पहाटे चार वाजता उठून स्वतःचा चहा स्वतः करायची सवय होती, आणि सुनेला त्या खडखडाटाने जाग यायची.

"नियम तुला माहीत आहे, गुलाबराव," लाटकर म्हणाले.

"माहीत आहे म्हणूनच आधी तुझ्याकडे आलो. महापालिकावाले कॉलनीची एनओसी मागतात. तू मीटिंग घे. चार शब्द तू बोललास की लोक ऐकतील."

लाटकर "बघू" म्हणाले. स्वयंपाकघरातून लाटकरांच्या पत्नी विजयाताई बाहेर आल्या आणि गुलाबराव गेल्यावर म्हणाल्या, "अहो, बघू काय? म्हातारी बाई आहे. देऊन टाका."

"मी कोण देणारा? आज तिला दिलं की उद्या सगळे येतील."

मीटिंग जानेवारीतल्या एका रविवारी, पार्कात झाली. ऊन पडलं होतं म्हणून बरीच माणसं आली. अहिल्याताई शाल गुंडाळून पहिल्या रांगेत बसल्या होत्या. समोरच्या घरातले बत्रा उठले. तेही लाटकरांच्याच वयाचे, रेल्वेतून निवृत्त झालेले.

"लाटकर साहब, आज बहन है, कल किराएदार होंगे," बत्रा म्हणाले. "गाड़ी खड़ी करने की जगह तो वैसे ही नहीं है."

"मेरी दीदी को किराएदार बोल रहे हो?" गुलाबराव ताडकन उठले. दोघांची जुंपली. कुणी मध्ये पडलं, कुणी हसलं. शेवटी गुलाबराव खुर्ची ढकलून तरातरा घरी निघून गेले. अहिल्याताई मात्र जागच्या हलल्या नाहीत. त्यांनी हात वर केला, शाळेतल्या मुलीसारखा.

"मला हिंदी बोलता येत नाही," त्या लाटकरांना म्हणाल्या. "भाऊ, तुम्ही सांगा यांना. मी पस्तीस वर्षं क्वार्टरमध्ये राहिले. कुणाच्या घरात राहायची सवय नाही मला. सुनेला तिच्या घरात मोकळं वावरता यावं, मला माझ्या खोलीत, एवढंच. आणि मला अठ्ठ्याहत्तर पूर्ण झालीत. माझ्यामागे ती खोली पाडून टाका. तसं स्टॅम्प पेपरवर लिहून देते मी."

लाटकरांनी हिंदीत सांगायला सुरुवात केली. क्वार्टरचं सांगितलं, सवयीचं सांगितलं, वयाचंही सांगितलं. शेवटच्या वाक्यापाशी आले आणि थांबले.

ते वाक्य सांगितलं तर लोक हो म्हणतील, हे त्यांना लख्ख दिसत होतं. बत्रासुद्धा म्हातारीच्या तोंडून ते ऐकल्यावर गप्प बसले असते. पण मग तो स्टॅम्प पेपर कुणी ठेवायचा? खोली खरंच पाडली की नाही, हे कुणी बघायचं? पुढच्या वर्षी तसाच कागद घेऊन दुसरा येणार, मग तिसरा. प्रत्येकाशी वाद घालायला लाटकरच. त्या क्षणी त्यांच्या मनात दुष्टावा नव्हता. नुसता शीण होता. आणखी एक फाइल, आणखी एक भांडण नको, एवढंच वाटलं.

"बस, यही कहना है इनका," ते म्हणाले आणि खाली बसले.

हात मोजले. बाजूने अकरा, विरोधात तेवीस. लाटकरांनी स्वतः हात वर केलाच नाही. अहिल्याताईंनी सगळ्यांना नमस्कार केला आणि काठी टेकत हळूहळू घरी गेल्या.

त्यानंतर गुलाबराव लाटकरांशी बोलेनासे झाले. गेटवर समोरासमोर आले तरी मान वळवायचे. दीड वर्षाने जयेशने बिल्डरशी करार केला आणि थोरातांचं कुटुंब नोएडाला राहायला गेलं. ट्रक भरताना विजयाताई चहा घेऊन गेल्या. लाटकर खिडकीतून बघत राहिले.

मग जेसीबी आला. जुनं घर चार दिवसांत भुईसपाट झालं आणि खड्डा खणायला सुरुवात झाली. खाली पार्किंग, वर चार मजले, चार कुटुंबं, लिफ्ट. एव्हाना तेवढी परवानगी सरकारकडूनच मिळू लागली होती. तरीही लाटकर जुना ठराव घेऊन साइटवर गेले. बिल्डरचा माणूस तरुण होता, अगदी अदबीने बोलला. खुर्ची दिली, पाणी दिलं. ठराव वाचला आणि हसला.

"अंकलजी, इसमें तो लिखा है एक प्लॉट, एक इमारत. हमारी भी एक ही है."

लाटकरांनी कागद परत घेतला. 'इमारत' हा शब्द त्यांनीच घातला होता. 'घर' लिहिलं तर कुणी दुकान बांधेल, म्हणून.

दोन वर्षं धूळ खाल्ली. विजयाताईंना खोकला लागला तो जाईना. पूर्वेच्या खोलीत सकाळपासून दिवा लावावा लागू लागला. खड्ड्यामुळे लाटकरांच्या भिंतीला भेग पडली, ती बिल्डरने सिमेंट थापून बुजवली आणि ती पुन्हा पडली. यंदाच्या दिवाळीनंतर बत्रा आले. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलले आणि मग म्हणाले, "बच्चे नहीं मान रहे, लाटकर साहब. हम भी दे रहे हैं बिल्डर को." लाटकरांनी नुसती मान हलवली. रागवायचं तर कुठून सुरुवात करायची, तेच त्यांना समजेना. त्या आठवड्यात त्यांनी सेक्रेटरीपदाचा राजीनामा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. सतरा जणांनी हात जोडल्याची चित्रं पाठवली. पद घ्यायला कुणी आलं नाही. मोटार बिघडली की लोक अजून त्यांचीच घंटी वाजवतात.

जानेवारीत ते विजयाताईंना म्हणाले, "चल, गुलाबरावाकडे जाऊन येऊ."

दोन ठिकाणी मेट्रो बदलून, पुढे ऑटो करून ते पोचले. गुलाबरावांनी दार उघडलं, आणि "या" म्हणाले. पूर्वीसारखं "अरे, ये" नाही. पण सोफ्यावर जागा करून दिली. चहा झाला. गुडघ्यांच्या ऑपरेशनबद्दल बोलणं झालं. त्याच मजल्यावर बिल्डरच्या पैशांतून त्यांनी अहिल्याताईंसाठी एका खोलीचा छोटा फ्लॅट घेतला होता.

"ताई आहेत का?" लाटकरांनी विचारलं.

"जा, भेट. आताशा ऐकू कमी येतं."

अहिल्याताई खूप वाळल्या होत्या. पण लाटकरांना बघताच म्हणाल्या, "भाऊ, चेहरा सुजल्यासारखा दिसतोय. बसा." कपाटातून बीपीचं यंत्र काढलं आणि त्यांच्या दंडाला पट्टा गुंडाळला.

"ताई, त्या दिवशी मीटिंगमध्ये मी..."

"बोलू नका. बोललं की आकडा जास्त येतो."

पट्टा फुगला, सैल झाला.  मग लाटकरांनी एका दमात बोलून टाकलं. तुमचं शेवटचं वाक्य मी त्यांना सांगितलंच नाही. सांगितलं असतं तर तुम्हाला खोली मिळाली असती. गुलाबरावाला घर विकावं लागलं नसतं.

अहिल्याताईंना किती ऐकू गेलं कुणास ठाऊक. त्या चष्मा वर करून यंत्रावरचा आकडा बघत होत्या.

"मला समजलं होतं," त्या म्हणाल्या. "हिंदी बोलता येत नाही, पण कळतं थोडं. वाटलं, तुम्हीच नाही म्हणताय तर आपण कशाला भांडायचं." मग यंत्र त्यांच्याकडे वळवलं. "एकशे अठ्ठ्याहत्तर. लोणचं बंद करा. आणि डॉक्टरला दाखवा, उद्याच."

"दाखवतो," लाटकर म्हणाले.

परतीच्या मेट्रोत बसायला जागा मिळाली. आपण काय बोललो, ते त्यांनी विजयाताईंना सांगितलं.

"बरं वाटलं का सांगून?" विजयाताईंनी विचारलं.

लाटकरांनी विचार केला. "नाही," ते म्हणाले. "दमलो फक्त."

विजयाताईंनी पिशवीतून पाण्याची बाटली काढून त्यांच्या हातात दिली.