चिंचेचा मळा
मोठे नकाशे छापणाऱ्या प्लॉटरच्या ताज्या शाईचा वास आला, की मला हडपसरचं आमचं ऑफिस आठवतं. कॉम्प्युटरवर काढलेला जवळच्याच एका गावाचा नकाशा एके दिवशी छापायचा होता आणि तो संध्याकाळच्या ग्रामसभेला न्यायला गावातले एक आजोबा सकाळपासून येऊन बसले होते. कागद सरसर बाहेर आला. रस्ते, ओढे, शेतं जागच्या जागी होती, पण मराठी नावांच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि टिंबांचा नुसता काला झाला होता. आजोबांनी चष्मा लावून निरखून पाहिलं. "रस्तं आमचंच हायेत," ते म्हणाले, "पन गाव विलायतेला गेलंय." प्लॉटरला आमचा मराठी फॉन्टच कळत नव्हता. दुपारपर्यंत डोकं फोडल्यावर शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीला सुचलं, "अक्षरं म्हणून पाठवायचीच नाहीत. त्यांच्या रेषा करून टाकू, म्हणजे त्याला वाटेल आपण ओढाच काढतोय." दुसरा कागद आला, तसे आजोबा बोट ठेवून मोठ्यानं वाचू लागले, "म्हसोबाचा माळ... चिंचेचा मळा..." आणि आम्ही सगळे काम सोडून त्यांच्यामागे उभे राहिलो. त्या मळ्यावर आता आमचीच सोसायटी आहे, भलंमोठं इंग्रजी नाव असलेली. रिक्षावाल्याला मात्र मी चिंचेचा मळाच सांगते, आणि तो काही न विचारता मला बरोबर दारात आणून सोडतो.