अंगठा सहाला घरी गेला

भट्टीवाले काका कोणाला "कसा आहेस?" असं विचारत नसत. ते विचारत, "काल कितीले सुटला?" एसटीचा कंडक्टर असो, तहसीलचा शिपाई असो, दवाखान्यातली नर्स असो, सगळ्यांना हा एकच प्रश्न, कामावरून किती वाजता सुटलास. माझ्या लग्नातही मांडवात शिरल्या शिरल्या ते थेट बँडवाल्यांकडे गेले आणि एकाला विचारू लागले, "कालच्या वरातीत कितीले सुटला बाप्पा?" तो बिचारा म्हणाला, "नवरदेव घोड्यावरून उतरला तवा." काका माझ्याकडे वळून म्हणाले, "आज लवकर उतरजो." मी उतरलो. बायको अजून टोमणा मारते, असा घाईचा नवरदेव अख्ख्या साकोली तालुक्यात झाला नाही म्हणते.

साकोलीच्या अलीकडे, हायवेला लागून असलेल्या एका राइस मिलमध्ये मी काट्यावर होतो. धानाच्या गाड्यांचं वजन करायचं आणि त्या आत सोडायच्या, एवढंच माझं काम. काका आत बॉयलरवर. उसना, म्हणजे उकडा तांदूळ करायचा तर धान आधी भिजवावं लागतं आणि मग वाफवावं लागतं. ती वाफ काकांच्या ताब्यात. दिवसभर भट्टीच्या तोंडाशी उभं राहून कोंडा लोटायचा. भुवयांपासून पायाच्या बोटांपर्यंत माणूस राखेचा होऊन जायचा. पण सुटताना नळावर जाऊन ते साबणाने हातपाय धूत, खिशातला कंगवा काढून भांग पाडत आणि धुतलेला शर्ट घालूनच फाटकाशी येत. नवा माणूस त्यांना मिलचा मुनीम समजे. यावरून आम्ही त्यांना चिडवायचो. ते म्हणत, "मालकाले घाम पुरा द्यायचा. पन बाकीचा मानूस घरी न्यायचा ना बाबू!"

त्यांचं दुसरं वाक्य रोवण्यातल्या बायांवरचं होतं. त्यांच्या घरच्या, म्हणजे आमच्या काकू, धानाच्या रोवणीला जात. काका सांगत, "सांज झाली का बाया बांधावर चढतेत. मंग मालक कितीही बोंबलू दे, एक पाय चिखलात पडत नाही. वावरात काम करणाऱ्या बाईले जे समजते ते मिलमधल्या पँटवाल्याले काहून समजत नाही?" पँटवाले म्हणजे आम्ही. आम्हाला समजत होतं, पण बांधावर चढायची हिंमत नव्हती.

तेव्हा मिलमध्ये हजेरी मुनीमजींच्या डोक्यात असायची. ज्याचा रामराम गोड लागला त्याचा दिवस पूर्ण, आणि ज्याने बिडी दिली नाही त्याचा अर्धा. काका रामराम करत नसत, जयभीम करत, आणि बिडी ओढत नसत. त्यामुळे त्यांचे दिवस फार झिजत. ते भांडले नाहीत. एके दिवशी आंघोळ करून, भांग पाडून शेटजींच्या केबिनमध्ये गेले आणि अंगठ्याचं मशीन लावा म्हणाले. मी पावती घेऊन तिथेच उभा होतो. काका म्हणाले, "शेटजी, याच्यात तुमचा बी फायदा हाय न आमचा बी. कोन कवा आला, कोन कवा गेला, समदं दिसंल. आळशी मानूस लपनार नाही आन राबनारा मरनार नाही. मुनीमजीले बी पाप नाही लागनार." शेटजी हसले. "बहोत पढ़-लिख गये काका," म्हणाले आणि फोन घेतला.

दोन हंगाम काका मागे लागले. आम्ही म्हणायचो, काका, दगडावर डोकं आपटून काय फायदा? ते म्हणत, "आठ तास आपल्याले कोनी आंदनात नाही देल्ले. भांडून भेटले. आता मोजून घ्याले का लाज?" शेवटी शेटजींच्या नागपूरच्या पुतण्याने त्यांना सांगितलं की सगळे मालक लावून राहिले. जे काकांच्या तोंडून पटलं नव्हतं ते पुतण्याच्या तोंडून लगेच पटलं, आणि मशीन आलं.

मशीन आलं तो दिवस आमच्याकडे सणासारखा झाला. काकांनी स्वतःच्या पैशाने पेढे वाटले. धान पसरवणाऱ्या बायांनी मशीनला हळदकुंकू लावलं, तेही नेमकं काचेवर. मग काय, ज्याने अंगठा ठेवला त्याला मशीन म्हणे, "कृपया दोबारा प्रयास करें." शेटजींचा अंगठासुद्धा त्याने ओळखला नाही. काकांनी आपल्या दुपट्ट्याने काच पुसली, अंगठा ठेवला, आणि मशीन म्हणालं, "धन्यवाद." काका दोन्ही हात जोडून म्हणाले, "जयभीम!" पुढे रोजचाच परिपाठ झाला. मशीनमधली बाई आतून धन्यवाद म्हणे आणि हे बाहेरून जयभीम म्हणत. मिलमध्ये त्यांना धन्यवाद म्हणणारी तेवढी एकच होती.

मशीनचे फायदे शेटजींना मात्र फार लवकर समजले. सकाळी जरा उशीर झाला की अर्धा दिवस गेला, आणि तिथे आता मुनीमजींची बिडीही चालेना. संध्याकाळचा फायदा त्याहून मोठा होता. सरकारी धानाची मिलिंग जोरात आली, गाड्यांची रांग हायवेपर्यंत गेली आणि नवा नियम निघाला. सहाला सगळ्यांनी अंगठा द्यायचा आणि परत आत जायचं. "भट्टीवरचा लॉट निघू द्या, मग जा," एवढंच मुनीमजी सांगत. कागदावर मिल सहाला बंद. माणसं घरी, दिवे चालू, भट्टी पेटलेली. आम्ही अंगठा देऊन परत आत जायचो आणि त्यात आम्हाला काही वावगंही वाटेनासं झालं. सवयीने माणूस कशालाही वळतो, बैल तरी एखाद वेळेस मान हलवतो.

मान हलवली ती काकांनी. पहिल्या दिवशी त्यांनी सहाला अंगठा दिलाच नाही. लॉट काढला आणि मग मशीनसमोर गेले. दुसऱ्या दिवसापासून सहानंतर मशीनची लाइट बंद होऊ लागली. मुनीमजी म्हणाले, वीज वाचते. बाजूला अख्ख्या मिलचा पसारा घरघरत होता आणि वीज या तळहाताएवढ्या डबीची वाचत होती! तिसऱ्या दिवशी काकांनी सहाला अंगठा दिला, जयभीम केला आणि सायकल काढली. मुनीमजी धावत आले. "काका, भट्टी!"

काका म्हणाले, "अंगठा घरी गेला तं मानूस बी घरी गेला पाह्यजे. मी का अंगठ्याच्या मांगं राहू?"

हंगामात बॉयलरवाला सहज भेटत नाही, म्हणून त्यांना काढलं नाही. सहानंतरच्या भट्टीसाठी एक नवा माणूस आणला. तो आधी ट्रॅक्टर चालवायचा. काका त्याला रोज सुटायच्या आधी समजावून सांगत, कुठला व्हॉल्व्ह कधी खोलायचा ते. तो मान डोलवायचा.

त्या संध्याकाळी काका नेहमीप्रमाणे भांग पाडून आले. अंगठा दिला. माझ्या काट्याजवळ सायकल उभी करून चाकातली हवा दाबून पाहत होते. "आज कितीले सुटतं बाबू?" मला म्हणाले. मी म्हटलं, "माझा अंगठा तर सुटला." ते हसले. आणि हसता हसता एकदम थांबले. आतून वाफेचा आवाज येत होता, तो रोज येतो. मला तरी त्यात काही वेगळं वाटलं नाही. त्यांनी सायकल तशीच टाकली आणि धुतलेल्या शर्टावर आत धावले. वाफेच्या टाकीखाली बाया धान ओढत होत्या. काकांनी आरडाओरडा करून त्यांना बाहेर काढलं, ट्रॅक्टरवाल्याला ढकलून दिलं आणि व्हॉल्व्हला हात घातला. तेवढ्यात पाइपाचा जोड सुटला आणि सगळी वाफ त्यांच्या अंगावर आली.

नागपूरला नेलं. मी भेटायला गेलो तेव्हा डोळे तेवढे उघडे होते. "बाया निघाल्या ना?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, निघाल्या, एकीलाही काही झालं नाही. मग म्हणाले, "तुले सांगतो बाबू, मी कामावरच होतो. लिहून घेतलं का कोनी?" मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होतो? त्याच आठवड्यात काका गेले.

चौकशीला सरकारी साहेब आले. शेटजींनी मशीनचा कागद पुढे केला. त्यावर काकांची जाण्याची वेळ होती. बायांचीही होती, ट्रॅक्टरवाल्याची होती, माझीही होती. बायांपैकी एकजण म्हणाली, "साहेब, आमी तिथंच होतो. त्यायनं आमाले ओढून बाहेर काहाडलं." साहेबांनी कागदावर बोट ठेवलं. "तुम्ही तर सहाला घरी गेल्या होत्या." ती म्हणाली, "आमी नाही गेलो साहेब, आमचा अंगठा गेला." साहेबांना हसू आलं. मीही सांगितलं, सगळं सांगितलं. त्यांनी माझंही नाव कागदावर शोधलं आणि पेनाचं टोपण लावलं. जिथे कोणी नव्हतंच, तिथला साक्षीदार कुठून येणार? भट्टी आपोआप पेटली होती, धान आपोआप वाफत होतं आणि रिकाम्या मिलमध्ये एक माणूस जळाला होता, असं ते सरकारी सत्य ठरलं.

एवढ्यावर भागलं असतं तरी गिळलं असतं. पण रिकाम्या मिलमध्ये हा माणूस गेलाच कशाला, याचं उत्तर शेटजींच्या वकिलाला हवं होतं. त्याने लिहिलं, मयत इसम कामाची वेळ संपल्यावर विनापरवानगी आत शिरला. पुढचं लोकांनी जोडलं. पानठेल्यावर एकजण मला डोळा मारून म्हणाला, "तांदळाचा कट्टा-बिट्टा उचलाले गेला असंल बुढा." त्याच्या तोंडात मारावीशी वाटली. मारली नाही, पण मिल सोडली. आयुष्यभर ज्या माणसाने शर्टाला चिकटलेला तांदळाचा दाणासुद्धा फाटकाच्या आत झटकला, तो चोर झाला होता. ज्या मशीनसाठी त्याने दोन हंगाम उंबरे झिजवले, त्याच मशीनच्या तोंडून झाला होता. मला आजही हे आठवलं की तोंड कडू होतं, आणि ते गोड करून सांगण्याची माझी इच्छा नाही.

शेटजींनी काकूंकडे तांदळाचा कट्टा पाठवला. काकूंनी तो ओसरीवरही ठेवू दिला नाही. "मले कायी नको," म्हणाल्या. "फकस्त कागदावर लिवा, का मानूस कामावर होता. पोराच्या सोयरिकीत लोकं इचारतेत, बाप काहून मेला." त्या एका ओळीसाठी काकू लाखांदूरच्या आपल्या भावाला घेऊन भंडाऱ्याच्या कचेरीत किती फेऱ्या मारत होत्या! तिथे त्यांना सगळे मशीनचा तोच कागद दाखवत.

यंदा भंडाऱ्यात व्यापाऱ्यांची सभा होती. मी आता दुसऱ्या मिलच्या काट्यावर असतो; आमच्या मालकाने मला सोबत नेलं. निमंत्रण पत्रिकेवर विषय होता, 'कामगारांच्या कामाच्या तासांची नोंद आणि तिचे फायदे'. वक्ते आमचे जुने शेटजी. काकूंच्या कानावर कुठून तरी गेलं. त्या म्हणाल्या, "मले बी घेऊन चाल." त्या पांढरं लुगडं नेसून मागच्या रांगेत माझ्याशेजारी बसल्या.

शेटजी छान बोलले. शिस्त येते म्हणाले, उशीर थांबतो, आळशी माणूस लपत नाही, राबणाऱ्याला न्याय मिळतो. काकांचंच सगळं बोलणं होतं, फक्त त्यातला माणूस काढून टाकलेला. शेवटी म्हणाले, "सबसे बड़ा फायदा हा की नंतर वाद उरत नाही." टाळ्या पडल्या. कोणाला काही विचारायचं आहे का, असं अध्यक्षांनी रीतीप्रमाणे विचारलं.

काकू उभ्या राहिल्या. माइक त्यांच्यापर्यंत आला नाही, पण आवाज सगळ्या हॉलला गेला. "शेटजी, मी भट्टीवाल्याची बायको. एकच सांगा. त्या दिशी माहा मानूस तुमच्या कामाले होता का चोरीले?"

शेटजींनी रुमाल काढला आणि फार मऊ आवाजात म्हणाले, "बाई, ही जागा नाही ना. ऑफिसमध्ये या, बसून बोलू."

काकू म्हणाल्या, "येतो ना. सहाच्या आधी येऊ का सहाच्या बाद?"

शेटजींनी अध्यक्षांकडे पाहिलं. अध्यक्षांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं आणि प्रश्नांची वेळ संपल्याचं जाहीर केलं.