जीवरामनाना गाडीचं तेल बदलतात

जीवराम भंगाळे यांच्या जळगावच्या घरात तीन पंखे आहेत, आणि त्यांतला दिवाणखान्यातला पंखा वारा वरच्या बाजूला फेकतो. तो नानांनी स्वतः दुरुस्त केला आहे. पाहुणा घाम पुसत वर बघू लागला, की नाना समजावून सांगतात, "त्याने छत थंड राहतं. उन्हाळ्यात या, मग कळेल." पाहुणा उन्हाळ्यात येत नाही.

नाना पाटबंधारे खात्यात होते. तिथे त्यांच्या हाताखाली माणसं होती. निवृत्तीनंतर माणसं सुटली आणि घरातली यंत्रं सापडली. मिक्सर, इस्त्री, पाण्याची मोटर, देवघरातली दिव्यांची माळ, सगळ्यांना नानांचा हात लागला. प्रत्येक दुरुस्तीनंतर एखाददुसरा स्क्रू उरे. तो नाना एका डब्यात टाकत आणि म्हणत, "कंपनीवाले उगाच जास्तीचे लावतात." आता त्या डब्यात इतके स्क्रू आहेत, की त्यांतून एखादं नवं यंत्र उभं राहावं.

माणूस वाईट नव्हता. फक्त "माहीत नाही" एवढे दोन शब्द त्यांच्या तोंडून कधी कुणी ऐकले नव्हते. रस्ता विचारायला आलेल्याला ते चुकीचा सांगतील, पण सांगतील. वर चार पावलं सोबतही जातील.

गाडी मात्र नानांची नव्हती, लताबाईंची होती. जुन्या गाडीवर नानांनी बायकोला क्लच आणि गिअर शिकवायला घेतले होते. ती शिकवणी मेहरूण तलावाच्या रस्त्यावर संपली, आणि त्यानंतर काही दिवस नवरा-बायको मुलीच्या मार्फत बोलत होते. मग भाविकाने, म्हणजे त्या मुलीनेच, आईसाठी एक जुनी पण चांगली ऑटोमॅटिक गाडी शोधून आणली. पन्नाशी ओलांडलेल्या लताबाई महिनाभरात ती चालवू लागल्या. भाजीबाजार, बँक, मैत्रिणीचं घर. नाना शेजारच्या सीटवर बसून उजवा पाय जमिनीवर दाबत राहत. तिथे ब्रेक नव्हता, पण पाय ऐकत नसे. "क्लच नाही ती कसली गाडी," असं ते म्हणत. खरं दुखणं वेगळं होतं. गाडीची किल्ली लताबाईंच्या पर्समध्ये असे.

मुक्ताईनगरला लताबाईंच्या धाकट्या बहिणीने, नावानेच ताईबाई असलेल्या, नवं घर बांधलं. रविवारी वास्तुशांत होती. सगळ्या बहिणी जमणार होत्या, आणि लताबाईंनी फोनवर एकेकीला सांगून ठेवलं होतं, "मी येते. गाडी घेऊन. स्वतः चालवत." त्या पहिल्यांदाच गावाबाहेर, हायवेने जाणार होत्या. गेला आठवडाभर त्या मनातल्या मनात भुसावळपर्यंतची वळणं घेत होत्या.

"लांब जायचं तर गिअरचं तेल बदललं पाहिजे," नाना म्हणाले.

"वर्कशॉपला देऊ या ना मग."

"वर्कशॉपला? घरात मी असताना?"

लताबाईंनी दिवाणखान्यातल्या पंख्याकडे पाहिलं आणि त्या स्वयंपाकघरात गेल्या.

नानांनी तयारी मात्र चोख केली, हे कबूल करायला हवं. वेल्डरकडून गाडी चढवायला लोखंडी उतरण करून आणली. गाडीच्या पुस्तकात लिहिलं होतं तेच लाल तेल आणलं. शनिवारी सकाळी अंगात जुनी बंडी घालून ते गाडीखाली शिरले, घमेलं सरकवलं आणि खालचा बोल्ट सोडला. काकवीसारखं काळपट तेल घमेल्यात पडू लागलं. एका कामाचा पहिला अर्धा भाग नानांच्या हातून बिनचूक पार पडला. कॉलनीच्या इतिहासात याची नोंद व्हावी.

इथवर सगळं ठीक होतं. पण आपल्या खानदेशात जुन्या तेलाला कुणी टाकाऊ म्हणत नाही. फाटकाची बिजागरी, विहिरीचा रहाट, वाळवी लागलेलं लाकूड, सगळ्यांना ते चालतं. शेजारच्या सुपडूआबांना वास आला. आबा धुळ्याकडचे, अहिराणी बोलणारे, मुलाकडे राहायला आलेले. हातात पत्र्याचा डबा घेऊनच ते फाटकात उभे राहिले.

"नाना, बठ्ठं फेकी देशी का? मन्हा दारना चौकटले वाळवी लागेल शे. माले दे थोडं."

"थोडं कशाला आबा, भरून घ्या!"

नानांनी डबा काठोकाठ भरला. पाठोपाठ समोरच्या कामिनीवहिनी बरणी घेऊन आल्या. "नाना, आमचं फाटक फार किंचाळतं हो." मग आणखी कोण कोण आलं. नाना ओगराळं घेऊन बसले आणि वरण-बट्टीवर तूप वाढावं तसं वाढत राहिले. कुणी "बस, बस" म्हटलं, की आणखी एक ओगराळं. नाही तरी आपल्याकडे "बस" म्हणणाऱ्याला कमी वाढणं हा अपमानच. घमेलं रिकामं झालं तेव्हा नानांच्या चेहऱ्यावर लग्नाची पंगत उठवल्याचं समाधान होतं.

बोल्ट बसवून ते नवं तेल भरायला उठले, आणि तसेच उभे राहिले.

जेवढं तेल निघालं तेवढंच परत भरायचं, ही या कामातली मुख्य गोष्ट. पुस्तकात ती ठळक अक्षरांत छापली होती. आणि जेवढं निघालं होतं ते आता अख्ख्या कॉलनीच्या दारा-फाटकांवर होतं.

नाना हात पुसत सुपडूआबांकडे गेले. "आबा, तुमचा डबा केवढा होता?"

"पुरनं रे नाना! बठ्ठी चौकट रंगाई गयी. अजून शे का?"

कामिनीवहिनी म्हणाल्या, "बरणी भरली होती की. नाही, पाऊण असेल. सांडलं ना थोडं पायरीवर." मग बारीक डोळे करून त्यांनी विचारलं, "का हो, परत पाहिजे का?"

"छे छे! सहज," नाना म्हणाले.

मग त्यांनी अंदाजाने भरलं, आणि अंदाज खानदेशी होता. कमी पडू नये म्हणून थोडं, प्रवास लांबचा म्हणून थोडं, डब्यात उरून काय करायचं म्हणून उरलेलं. तेल पाहायची पट्टी बाहेर काढली तर तेल वरच्या खुणेच्याही वर. "तापलं की बसेल खाली," नाना स्वतःशी म्हणाले. तापल्यावर तेल फुगतं, हे ते शाळेत शिकले होते. पण शाळा फार मागे राहिली होती.

रविवारी सकाळी लताबाई नवी साडी नेसून गाडीत बसल्या. गिअर टाकला. गाडी विचारात पडल्यासारखी थांबली आणि मग एकदम धक्का देऊन पुढे गेली. कोपऱ्यापर्यंत तेच. इंजिन ओरडायचं, गाडी जागची हलायची नाही, आणि हलली की उसळायची. कॉलनीत रविवार होता, म्हणजे प्रेक्षक होते.

"वहिनी, रेस आणि ब्रेक एकदम दाबू नका!" कामिनीवहिनींचे यजमान ओरडले. आणखी कुणीतरी हसलं.

लताबाईंनी गाडी कडेला घेतली. "रोज तर नीट चालवते मी. आज काय झालं मला?" असं पुटपुटत त्यांनी किल्ली काढली आणि नानांपुढे धरली. "तुम्ही चालवा. हायवे नाही जमायचा मला. उगाच मिरवलं सगळ्यांपुढे."

ही किल्ली नानांना कधीची हवी होती. आता ती समोर होती. काही बोलायचीही गरज नव्हती. नुसतं गप्प राहिलं की झालं. नाना गप्प राहिले नाहीत. त्याहून वाईट म्हणजे किल्ली घेऊन ते म्हणाले, "होतं गं असं. हळूहळू येईल."

लताबाईंनी मान खाली घातली आणि ताईबाईला फोन लावला. "ताईबाई, ऐक. मी गाडी आणत नाही गं. मला काही येत नाही, वाटतं..."

नानांनी किल्लीकडे पाहिलं. मग बायकोकडे. नव्या साडीच्या पदराने ती स्टिअरिंगवरचा घाम पुसत होती.

"तुझं काही चुकलं नाही," ते म्हणाले. "तेल जास्त झालंय. मी भरलं."

"किती भरलं?"

"जास्त."

"म्हणजे निघालं किती होतं?"

नानांनी घसा खाकरला, रस्त्याकडे पाहिलं, आणि म्हणाले, "माहीत नाही."

फोन चालूच होता. "काय म्हणाले गं दाजी?" पलीकडून ताईबाईने विचारलं.

"माहीत नाही म्हणाले."

ताईबाईने ते मुक्ताईनगरला जमलेल्यांना मोठ्याने सांगितलं. मग सगळ्या बहिणींचं हसू एकदम इतक्या जोरात आलं, की नानांना ते फोनशिवायही ऐकू आलं असतं.

लताबाईंनी डोळे पुसले. नानांच्या हातातली किल्ली काढून घेतली, वर्कशॉपला फोन केला, गाडी उचलून न्यायला बोलावलं. मग पर्स खांद्याला लावली.

"मी एसटीने जाते. पुढच्या रविवारी गाडी घेऊन जाईन, ताईबाईला सांगितलंय. तुम्ही थांबा इथे."

"मी पण येतो ना. पूजा आहे..."

"गाडी न्यायला येतील ते विचारतील, तेल किती भरलं म्हणून. आत्ता मला सांगितलं ना, तेच त्यांना सांगा." त्यांनी किल्ली पुन्हा नानांच्या हातात ठेवली आणि त्या हात करून थांबवलेल्या रिक्षात बसल्या. "किल्ली त्यांच्याच हातात द्या. मध्ये काही उघडू नका."

नाना गाडीपाशी उभे राहिले. येणाऱ्याजाणाऱ्याने विचारलं, की ते सांगत, "बॅटरी." दुसऱ्या कुणी विचारलं तर, "हल्लीचं पेट्रोल." शेवटी क्रेनवाला आला. गाडीखाली डोकावून त्याने विचारलं, "काका, तेल किती टाकलंय?"

नानांनी आधी कामिनीवहिनींच्या खिडकीकडे पाहिलं. तिथे कुणी नाही अशी खात्री करून घेतली, आणि मग त्याच्या कानाशी वाकले.