सबनीस काकांचं बार्सिलोना

जर्सी सिटीच्या आमच्या बिल्डिंगमध्ये सबनीस काका मला पहिल्यांदा भेटले ते लिफ्टमध्ये. मी ऑफिसच्या कामासाठी शिकागोजवळच्या शॉमबर्गला निघाले होते. हातात बॅग, खांद्यावर लॅपटॉप आणि कानाशी आईचा फोन. फोन ठेवला, तोच मागून खणखणीत आवाज आला, "पोचलीस की मलाही कळव गं." वळून बघते तर साठीतले, टक्कल पडलेले एक गृहस्थ, हातात धुवायच्या कपड्यांची टोपली. मी म्हटलं, "अहो, पण मी तुम्हाला ओळखतसुद्धा नाही!" तर म्हणाले, "मग काय झालं? सबनीस, तुझ्या वरच्याच मजल्यावर. घे, नंबर लिहून घे." आणि मी चक्क घेतला, माझाही दिला!

पण कळवायचं विसरले. रात्री हॉटेलात जेवत होते, तर यांचा फोन. "पोचलीस का नाहीस? इथे माझा वरणभात गार झाला." म्हणजे माझ्या फोनसाठी हा माणूस जेवायचा थांबला होता. ओळख ना पाळख! त्या दिवसापासून मी कॉस्टकोला सामान आणायला गेले तरी कळवू लागले. मेसेज मात्र चालायचा नाही. "मेसेज काय, मेलेल्या माणसानेसुद्धा आधीच टाईम लावून ठेवलेला असेल. आवाज ऐकला की माणूस पोचला." आमच्या मजल्यावरच्या नव्या मुलांना या गोष्टीचा फार जाच व्हायचा. एकाने तर, "काका, मी अठ्ठावीस वर्षांचा आहे, यार," असं ऐकवलं होतं. काका म्हणाले, "असशील. विमान तुझं वय विचारून उडतं का?"

मूळचे मिरजेचे. तीसेक वर्षांपूर्वी इकडे आले, सिटिझन झाले, मॅनहॅटनमधल्या एका बँकेत अजूनही कॉम्प्युटर सांभाळत होते. शुभाकाकू गेल्या त्याला तेव्हा चार वर्षं होत आली होती. एकुलता एक मुलगा निनाद सिएटलला. काका त्याच्याबद्दल कौतुकानेच बोलायचे, पण फोन करायचे रविवारी आणि तोही त्याला आधी विचारून. निनादचं उत्तर म्हणजे बहुतेक वेळा मेसेजवरचा एक अंगठा. काका तो मला दाखवायचे. "बघ मेघा, एवढा शिकवला आणि निघाला अंगठेबहाद्दर!" स्वतःच मोठ्याने हसायचे. मी हसायचे नाही.

मग गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाशी निनादने वडिलांना वाढदिवसाची भेट दिली: बार्सिलोनाचा वीकेंड. काका नेवार्कहून जाणार, निनाद सिएटलहून, आणि दोघं तिथे भेटणार. काकांना नुसतं उधाण आलं! निळं विंडचीटर घेतलं. रोज संध्याकाळी लॅपटॉप घेऊन माझ्याकडे, आणि त्या गावातले रस्ते मला दाखवायचे. चर्च, म्युझियम यात त्यांना काडीचा रस नव्हता. त्यांना बाजार बघायचा होता. "तो लहान होता तेव्हा मी सकाळी अंधारात ट्रेन पकडायचो आणि तो डे-केअरमध्ये. माझे वडील दर आठवड्याला मला मिरजेचा बाजार हिंडवायचे, बोट धरून. आमचं बापलेकांचं ते राहूनच गेलं बघ. एक सकाळ मिळाली तरी पुरे." मी चिडवलं, "तुम्ही शाकाहारी, आणि तिथे सगळी मासळी!" तर म्हणाले, "बघायला काय जातं? वास निनाद घेईल."

निघायच्या आदल्या संध्याकाळी दारात उभे राहिले. म्हणाले, "तू येतेस का गं? चल की." मला वाटलं, थट्टा. मी म्हटलं, "काका, माझा व्हिसाचा स्टॅम्प कधीच संपलाय. एकदा अमेरिकेबाहेर पडले की परत आत कोण घेणार मला? आणि बापलेकांत माझं काय काम?" ते म्हणाले, "तेही खरंच." आणि वर निघून गेले.

शनिवारी सकाळी पोह्यांना फोडणी देत होते तेव्हा फोन आला. "पोचलो गं." मी विचारलं, "निनाद भेटला?" "हो, हो. अंघोळीला गेलाय. ऊन छान पडलंय. खिडकीतून पाणी दिसतं." एवढ्यात आमच्या बिल्डिंगचा फायर अलार्म कोकलायला लागला. आणि तोच अलार्म, तसाच, फोनमधूनही. वर ती रेकॉर्डिंगवाली बाई, जिन्याने खाली उतरा म्हणणारी, तीसुद्धा दोन्हीकडून. मग काका हळूच म्हणाले, "ठेवतो."

गॅस बंद करून जिना उतरले. फुटपाथवर सगळी बिल्डिंग जमलेली, कुणी कुत्रं घेऊन, कुणी लेकरू घेऊन. त्यात सबनीस काका, अंगात ते नवं निळं विंडचीटर आणि पायात घरातल्या स्लिपर. मला बघून म्हणाले, "ओरड आता." कशाची ओरडते! कुणाचा तरी टोस्ट जळला होता म्हणे. आम्हाला आत सोडल्यावर मी त्यांना हाताला धरून माझ्या घरी आणलं.

निनादने बुधवारीच कॅन्सल केलं होतं. ऑफिसचं काम निघालं. "बाबा, तुम्ही जा, एन्जॉय करा," म्हणाला. "एकट्याने जायची भीती नाही वाटली गं," काका पोहे चिवडत म्हणाले, "पण बाजारात बोट धरायला कुणी नसेल तर मी करू काय तिथे? मग म्हटलं, आपण घरीच बरे." त्यालाही त्यांनी 'पोचलो' असा मेसेज केला होता. उत्तराला अंगठा आला होता. माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, "आत्ताच्या आत्ता फोन लावा आणि खरं सांगा." तर हात जोडले त्यांनी. "नको. पोराने हौसेने दिलं होतं. बापाने वाया घालवलं असं वाटेल त्याला. तू पण सांगायचं नाहीस. माझी शपथ आहे तुला."

ते दोन दिवस ते माझ्याकडेच होते. लॅपटॉपवर आम्ही बार्सिलोना हिंडलो. "आता डावीकडे घे. हं, थांब, ती टोमॅटोवाली बघ." त्यांचा फोन समोर उलटा नाही, सुलटा ठेवलेला. कसं चाललंय, एवढं जरी निनादने विचारलं असतं ना, तर त्यांनी सगळं सांगून टाकलं असतं, मला खात्री आहे. सोमवारपर्यंत फोन वाजला नाही.

थंडीत काका गेले. ऑफिसला निघताना, स्टेशनवरच कोसळले. निनाद आला, सगळं नीट केलं. वाईट मुलगा नाही हो तो. दोन दिवस घर आवरत होता, डोळे सुजलेले. माझ्याकडची काकांच्या घराची किल्ली द्यायला गेले तर वडिलांचे शर्ट घडी करत होता. म्हणाला, "मेघाताई, बाबा बार्सिलोनाबद्दल काही बोलायचे? मला कधी विचारायला टाईमच नाही झाला. ॲटलीस्ट ते एक तरी मी राइट केलं ना?"

खरं सांगते, सगळं जिभेवर आलं होतं. पण शपथ कुणाची होती! मी म्हटलं, "दोन दिवस दुसरं काही बोललेच नाहीत."

"काय आवडलं त्यांना?"

"बाजार. पण तिथे तू हवा होतास, म्हणाले."

तो शर्ट छातीशी धरून तसाच खाली जमिनीवर बसला आणि लहान मुलासारखा रडायला लागला. मला त्याच्या एक थोबाडीत द्यावीशी वाटत होती आणि त्याला जवळही घ्यावंसं वाटत होतं. मी त्याच्या शेजारी बसले आणि त्याचा हात हातात घेतला.