अण्णाचा ब्रेकर कधी पडत नाही

रिटायर झालेल्या कारकुनाला गोष्टी शोधत हिंडावं लागत नाही. एखाद्या दुकानात बसायला फुकटचं स्टूल मिळालं की पुरे. गोष्टी आपल्या पायांनी चालत येतात, भाव करतात, आणि कधीकधी तक्रार घेऊन परतही येतात. माझं स्टूल बंगळूरच्या शिवाजीनगरमधल्या एका गल्लीत, शंकरअण्णाच्या दुकानात आहे.

अण्णा माझा शाळेपासूनचा मित्र. त्याचा धंदा जुने सर्किट ब्रेकर विकण्याचा. पाडलेल्या इमारती, बंद पडलेले कारखाने, भंगारवाले, मिळेल तिथून माल उचलायचा, थिनरने पुसायचा, नवं स्टिकर डकवायचं आणि पुन्हा कुणाच्या तरी संसाराला लावून द्यायचा.

ब्रेकरचं काम एकच. वायरवर भार फार झाला की आपण पडायचं आणि वीज तोडायची. जुन्याचा मात्र नेम नसतो. आतलं ग्रीस वाळतं, स्प्रिंग आळसावते, आणि पडायच्या वेळी तो पडतच नाही. हे मी अण्णाला पुष्कळदा ऐकवलं आहे.

"गुरू," तो म्हणतो, "तू जन्मभर फायली दाबून ठेवल्यास. तू मला शिकवू नकोस."

"दाबून ठेवलेली फाईल पेट घेत नाही, अण्णा!"

* * *

एक तरुण गिऱ्हाईक आलं. चांगलं शिकलेलं, पाठीवर लॅपटॉपची सॅक. म्हणाला, "अंकल, टेस्ट करून द्या हं."

अण्णाने ब्रेकर त्याच्या कानाशी धरला आणि खटका वरखाली केला. टक, टक.

"ऐकलंत? काय खणखणीत आवाज आहे!"

"परत एकदा?"

टक, टक. पोराच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. बँकेने ओटीपी मागितला तरी शंका घेणारी ही पिढी, पण दोन टकटकीत ब्रेकर घेऊन गेली.

मी म्हणालो, "अण्णा, नुसता आवाज ऐकून लोक तबला घेतात."

"तबल्याला शाई भरावी लागते," अण्णा म्हणाला. "ह्याला तोही खर्च नाही!"

* * *

आपल्याकडे आयुधपूजेला, म्हणजे खंडेनवमीला, मोटरसायकलीपासून मिक्सरपर्यंत सगळ्यांना हळदकुंकू लागतं. मेन स्विच आणि ब्रेकर तर मानाचे. वर्षानुवर्षं लावलेलं हे कुंकू खटक्याच्या खाचेत जाऊन बसतं आणि थिनरलाही दाद देत नाही.

एकदा एक वयस्क बाई आल्या. चष्मा वर करून त्यांनी ब्रेकर निरखला, मग पदराच्या टोकाने खाच कोरली. पदर लाल झाला.

"काय हो, एकदाही न वापरलेला पीस म्हणालात ना? मग ह्याला कुंकू कुणी लावलं?"

मी मनात म्हटलं, आता संपलं. अण्णाने हात जोडले.

"अम्मा, चांगली कंपनी आहे. पूजा केल्याशिवाय माल गेटबाहेर सोडत नाहीत!"

बाईंनी ब्रेकरला नमस्कार केला आणि पिशवीत टाकला.

* * *

त्याच सुमाराला अक्काचे फोन सुरू झाले. अक्का म्हणजे अण्णाची थोरली बहीण. बंगळूरजवळ आनेकलला राहत्या घराच्या पुढच्या खोलीत तिची पिठाची गिरणी आहे. भावाच्या आग्रहावरून तिने गिरणीला नवाकोरा ब्रेकर बसवला होता, आणि तो सारखा पडत होता. दळण अर्ध्यावर राही, बायका डबे घेऊन ताटकळत, आणि काही बायका आता पलीकडच्या गल्लीतल्या गिरणीकडे वळू लागल्या होत्या. अक्काचं घर त्या गिरणीवर चालतं.

अण्णाचा फोन कायम स्पीकरवर असतो, त्यामुळे बहीणभावाचं प्रेम आम्हा सगळ्यांच्या कानांवर पडतं.

"शंकर, मला तुझ्या दुकानातला दे बाबा. तुझा म्हणे पडत नाही."

"अक्का, ब्रेकर पडतो म्हणजे मोटर जास्त करंट ओढतेय. मोटर तपासून घे. वायर बदल."

मी स्टुलावर सावरून बसलो. इतक्या वर्षांत अण्णाने कुणाला मोटर तपासायला सांगितलेलं मी ऐकलं नव्हतं!

"ते सगळं नंतर. ब्रेकर कधी पाठवतोस?"

"आत्ता स्टॉक नाही गं."

त्याच्या मागे छतापर्यंत ब्रेकरच ब्रेकर होते.

* * *

सर्जापूर रोडला मोठा पाऊस झाला की अपार्टमेंटची तळघरं भरतात आणि वाहनांबरोबर विजेच्या खोल्याही पोहायला लागतात. अशाच एका अपार्टमेंटने बुडालेले सगळे ब्रेकर काढून भंगारात दिले. शहाणपणाचं काम. भंगारवाल्याने ते अण्णाला दिले. अण्णाने गच्चीवर, वहिनींच्या सांडग्यांशेजारी, चांगले कडकडीत वाळवले.

पुढे त्याच अपार्टमेंटमधले एक गृहस्थ गीझरसाठी ब्रेकर घ्यायला आले. हातात घेऊन म्हणाले, "अरे, आमच्याकडे अगदी हेच मॉडेल होतं! पुरात गेलं."

"सर," अण्णा म्हणाला, "हा तुमच्या अपार्टमेंटसाठीच बनलाय."

गृहस्थ खूश होऊन गेले. जाताना त्यांनी ब्रेकर काउंटरवर ठोकून पाहिला होता, तिथे चिमूटभर लाल माती उरली. मी ती बोटाने उचलून अण्णाला दाखवली.

"आज पहिल्यांदा खोटं न बोलता माल विकला," अण्णा भडकला, "तर तू तोंड वाकडं करतोस!"

* * *

बेकरीवाल्याची गोष्ट मात्र अक्कानेही ऐकली, आणि तिथे सगळा घोळ झाला.

हा बेकरीवाला अण्णाचा भक्त. त्याचाही नवा ब्रेकर ओव्हन लावला की पडायचा. अण्णाचा जुना बसवला आणि कटकट संपली. एके दिवशी तो हातात वायरचं एक काळं, वितळलेलं भेंडोळं घेऊन आला. दुकानातली इतर गिऱ्हाइकं सरकून उभी राहिली. आता भांडण होणार, या आशेने मी चहासुद्धा खाली ठेवला.

"अण्णा, वायर जळली. बोर्ड जळला. भिंत काळी झाली. नशीब, पीठ आत होतं." त्याने खिशातून ब्रेकर काढून काउंटरवर ठेवला. "पण हा पठ्ठ्या बघा! हललासुद्धा नाही! असेच अजून दोन द्या."

अण्णाने गुपचूप दोन दिले. त्या दिवशी त्याने जेवणाचा डबा तसाच परत नेला. फोन तेव्हाही स्पीकरवरच होता, आणि पलीकडे अक्का होती.

"ऐकलं मी सगळं!" ती म्हणाली. "भिंत काळी झाली तरी हलला नाही. मला असलाच हवा. तू पाठवत नाहीस, तर मीच येते."

* * *

आणि ती आली. आनेकलची बस पकडून, शनिवारच्या गर्दीत, पिशवी खांद्याला.

दुकानात तेव्हा बसवराज कॉन्ट्रॅक्टर होता. कामावर जाणाऱ्या मुलींच्या नव्या पीजी हॉस्टेलसाठी त्याला ब्रेकर हवे होते. अण्णा गिऱ्हाइकांशी कन्नडमध्ये बोलतो, बसवराजशीही कायम कन्नडच. "नव्यापेक्षा सरस माल, बसवराज! कधी पडायचा नाही!" असं म्हणत त्याने एक ट्रे भरून दिला होता.

अक्काने सरळ त्या ट्रेमधला एक ब्रेकर उचलला. "हा दे."

अण्णा पांढरा पडला. "तो नको. तुला समोरच्या दुकानातून नवा आणून देतो."

"नव्याचंच तर रडगाणं आहे! जगाला वाटतोस, आणि सख्ख्या बहिणीला नाही? ह्यांना आत्ता काय म्हणालास, नव्यापेक्षा सरस ना? मग मला का नको?"

अक्काही कन्नडमध्येच बोलत होती, त्यामुळे सगळं दुकान ऐकत होतं. अण्णाने माझ्याकडे पाहिलं. मी चहाच्या ग्लासाच्या तळाचा अभ्यास करू लागलो. मग त्याने बसवराजकडे पाहून एक गोड हसू हसलं, आणि बंगळूरातली आमची सगळी मराठी घराणी चारचौघांपुढे घरचं बोलायचं झालं की करतात तेच केलं. आवाज चढू न देता, घाईघाईने, मराठीत सुरू झाला.

"अक्का, ऐक माझं. हा माल दिसायलाच बरा आहे. भार आला तरी पडणार नाही, आणि हा पडला नाही तर वायर पेटेल. गिरणीत पीठ उडतं. वरच्या खोलीत तुझी नातवंडं झोपतात. माझ्या हातांनी हा तुझ्या घरात लावू म्हणतेस?"

अक्काने ब्रेकर निखारा असल्यासारखा ट्रेमध्ये टाकला. मग डोळ्यांनी बसवराजकडे खूण केली.

"आणि ह्यांच्या पीजीतल्या पोरींचं काय?"

"हळू बोल! त्यांना मराठी कुठं कळतंय!"

बसवराजने ट्रे दोन्ही हातांनी उचलला, अलगद अण्णाच्या पुढ्यात ठेवला, आणि खणखणीत बेळगावी मराठीत म्हणाला,

"अण्णा, मलाबी तुमची बहीणच समजा की!"