प्रश्न क्रमांक सात

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. घरच्यांना नाही, लेकीला नाही. देवापुढे हात जोडते तेव्हाही एवढं वगळूनच बोलते. आणि मी काही मुखदुर्बळ बाई नव्हे, हे आमच्या भागात कुणालाही विचारा. गिरणीत दळण टाकायला गेले तरी चार माणसांना चार गोष्टी ऐकवून येते. ऐंशीच्या घरात आले, पण आवाज अजून खणखणीत आहे. तरी या एका गोष्टीला तोंड फुटलं नाही — का फुटलं नाही, ते तुम्हीच ऐका.

बहात्तरच्या दुष्काळात एका बाईनं पंचायत समितीच्या भर सभेत सभापतींना टँकरचा जाब विचारला, ही गोष्ट कदाचित तुमच्या कानावर आली असेल. आमच्याकडे ती महिला मंडळात सांगतात. शाळेच्या कार्यक्रमात सांगतात. बायकांना राखीव जागा मिळाल्यावर तर निवडून आलेल्या पोरी माझ्या पाया पडायला यायच्या, आणि मी त्यांना म्हणायचे, 'उभं राहायला शिका गं, बसून काही मिळत नाही.' हो, ती बाई मीच. शाल, श्रीफळ, फेटासुद्धा बांधलाय मला. फेटा छान दिसतो मला, खोटं कशाला बोलू?

खोटं कशाला बोलू — बघा, कसं सहज येतं तोंडात.

आधी सभेचं सांगते. नगरच्या पूर्वेकडचा आमचा तालुका, नाव राहू द्या. त्या वेळी समितीवर एकही बाई निवडून आलेली नव्हती. कायद्यानं एक तरी बाई पाहिजे, म्हणून सभासदांनी मला सहयोजित करून घेतलं, म्हणजे निवडणुकीशिवाय आत घेतलं. सातवी शिकलेली, सही करणारी, घरी ट्रान्झिस्टरवर बातम्या ऐकणारी — असं सगळं पाहून घेतलं असणार. बाकी सगळे गडी. त्यांना वाटलं असेल, पदर डोक्यावर घेऊन बसेल आणि हात वर कर म्हटलं की करेल. पण पहिल्याच महिन्यात मी सभेचे नियम वाचून काढले. प्रश्न कसा द्यायचा, किती दिवस आधी द्यायचा, सगळं पाठ. गटविकास अधिकारीसुद्धा एकदा हसून म्हणाले होते की ताईंना विचारून सभा चालवावी लागेल.

प्रश्नाची रीत अशी. आधी लेखी द्यायचा. कचेरीतून सगळ्या प्रश्नांची यादी निघायची आणि प्रत्येकाला क्रमांक पडायचा. सभेत सभापतींनी नाव पुकारलं की सभासदानं उभं राहून फक्त क्रमांक म्हणायचा. बस. भाषण नाही, काही नाही. मग उत्तर वाचलं जायचं, आणि त्यावर उपप्रश्न करता यायचा. नाव पुकारल्यावर सभासद जागेवर नसला तर प्रश्न रद्द. पुन्हा घेत नसत.

म्हणजे मला किती शब्द बोलायचे होते? तीन. 'प्रश्न क्रमांक सात.'

आता कौसाबाईकडे येते. तिच्याकडे यायला मला नेहमीच वेळ लागतो.

आमच्या गावाच्या वरच्या अंगाला पाझर तलावाचं काम निघालं होतं. दुष्काळी काम. आसपासच्या वाड्यांमधल्या बायका दिवसभर खडी फोडायच्या, अमेरिकेतून आलेल्या मिलो ज्वारीची लाल भाकरी खायच्या. पिण्याचं पाणी समितीच्या टँकरनं यायचं — कागदावर रोज, कामावर कधीमधी. बायका ओढ्यात खड्डा उकरून वाटीवाटीनं गढूळ पाणी भरायच्या. कौसाबाई त्यांच्यातलीच. काटक, काळीसावळी, माझ्याच वयाची, दोन लेकरांची आई. तिचा नवराही त्याच कामावर होता. बोलायची असं की खडी फोडणाऱ्या बायकांचे हातोडे थांबायचे हसण्यानं.

ती एके दिवशी घरी आली. म्हणाली, "आक्का, टँकर येतुय. पर आमच्याकडं न्हाई येत. म्या त्येच्या मागं चालत गेल्ते. सभापतीच्या मेव्हन्याची मोसंबी हाय ना, तिथल्या हिरीत वततोय. ह्या डोळ्यांनी बघितलं."

चालत गेली होती! टँकरमागं, उन्हात, एक दिवसाची हजेरी बुडवून. मला काय आनंद झाला सांगू. हो, आनंदच — हातात असं काही आल्यावर होतो तसा. त्याच दुपारी मी प्रश्न लिहिला. टँकर अमुक बागेतल्या विहिरीत रिकामा होतो हे खरे आहे काय, असल्यास जबाबदार कोण. आणि उपप्रश्न तर मी असा योजला होता की आजही मला त्याचं कौतुक वाटतं: टँकरच्या फेऱ्यांची वही आत्ता, या टेबलावर ठेवता का? उत्तर काहीही आलं असतं तरी त्या वहीतून सुटका नव्हती.

प्रश्नाला पुरावा पाहिजे म्हणून सोबत जोडायच्या तक्रारीखाली कौसाबाईचं नाव घालायचं मीच सुचवलं. ती जरा थांबली. तिला कळत होतं, हजेरी मांडणारा मुकादम सभापतींचाच माणूस आहे ते. मी म्हटलं, "मी आहे ना. भर सभेत विचारणार आहे मी. चारचौघांत एकदा बोललं गेलं की तुला हात लावायची कुणाची टाप आहे?" आणि ते खरंच होतं बरं का. साप्ताहिकाचा वार्ताहर सभेला असायचा, विरोधातले सभासद असायचे. बोललं गेलं असतं तर नसताच लावला हात कुणी. तिनं अंगठा उमटवला.

सभेच्या दिवशी मी एसटीनं वेळेआधी पोचले. हजेरीच्या वहीत सही केली. व्हरांड्यात सभापती भेटले. मला वाटलं आता ओरडतील, दम देतील. त्याची तयारी होती माझी, दम देणाऱ्या माणसाला कसं उत्तर द्यायचं ते मला चांगलं येतं. पण ते हसले. म्हणाले, "ताई, सातवा प्रश्न तुमचाच ना? फार हुशारीनं लिहिलाय. उन्हाच्या आलात, आधी निवांत चहा घ्या. सभा काय, चालूच राहील."

एवढंच. याउपर एक शब्द नाही. धमकी नाही, आमिष नाही. आता तुम्ही म्हणाल, घरचं कुणी नोकरीत अडकलेलं असेल, जमिनीचं काही प्रकरण असेल. नव्हतं हो. मीही पुष्कळ शोधलं — पन्नास वर्षं शोधतेय — काही सापडत नाही.

शिपायानं चहा आणला. इतर सभासदांना काचेच्या पेल्यात मिळायचा. मला कपबशीत. फुलं असलेली कपबशी, सभापतींच्या खोलीतली. पहिल्या सभेपासून हा मान फक्त मला होता, आणि तो मला आवडायचा. माहेरी-सासरी मी पितळीत उरलासुरला चहा प्यायलेली बाई. इथे तालुक्याचा सभापती मला ताई म्हणतो, माझ्यासाठी वेगळा कप निघतो. आज तीन शब्द बोलले तर उद्या हा कप येणार नाही, हे मला कुणी सांगायला नको होतं.

तेव्हा घाबरून बसले असं समजू नका. हावरटपणानं बसले.

आत सभा सुरू झाली. दार उघडंच होतं, बाकावर सगळं ऐकू येत होतं. पहिला प्रश्न रस्त्याचा. मग शाळेच्या पत्र्यांचा. तिसऱ्यापर्यंत माझा कप रिकामा झाला होता. उठायला काय हरकत होती? उठले नाही. सहावा चालू असताना शिपाई दुसरा कप घेऊन आला, न मागता. मी घेतला.

मग माझं नाव पुकारलं गेलं. स्पष्ट, पूर्ण नाव, सौभाग्यवती लावून. आत कुणीतरी म्हणालं, बाहेर असतील, बोलवा. सभापती थांबले. चांगले थांबले, घाई नाही केली. त्यांना माहीत होतं मी कुठे आहे. माझ्यात आणि त्या दारात चार पावलं होती.

मी चहा बशीत ओतला आणि फुंकर घातली.

दुसऱ्यांदा नाव पुकारलं. मी बशी तोंडाला लावली. आतून आवाज आला, "सदस्या गैरहजर, प्रश्न रद्द, पुढचा घ्या." ज्या सभेच्या वहीत माझी सही होती, त्या सभेत मी गैरहजर! आठवा संपल्यावर मी पदर सावरून आत गेले, आपल्या खुर्चीवर बसले, आणि शेवटी आभाराच्या ठरावाला इतरांबरोबर हातही वर केला.

परतताना एसटीत मी ठरवलं होतं की बायकांना सांगायचं, वेळ संपला, पुढच्या खेपेला नक्की. फाट्यावर उतरले तर त्या कामावरून सुटून वाट पाहत उभ्या. कौसाबाई पुढे. "इचारलं का, आक्का?" आणि माझ्या तोंडून गेलं — विचारलं. ठरवलेलं एक, निघालं भलतंच. एकदा निघाल्यावर मग थांबायचं कसं? म्हटलं, सभापतींची बोलती बंद केली. बायकांनी तिथल्या तिथे माझ्या कपाळाला कुंकू लावलं.

आठ दिवसांत कौसाबाईचं नाव हजेरीपटावरून गेलं. तिचं आणि नवऱ्याचंही. सभेत काही बोललंच गेलं नव्हतं. वार्ताहरानं काही लिहिलं नव्हतं. कचेरीत उरला होता फक्त तिच्या अंगठ्याचा कागद, आणि तो जिथे पोचायचा तिथे पोचला. आणि गंमत बघा — लोक म्हणाले, आक्कानं असं काही झोडपलं की सभापतीनं गरिबावर राग काढला. तिची भाकरी गेली, त्यावर माझं नाव झालं. पुढे कुणी मोठे साहेब पाहणीला येणार म्हणून चार दिवस टँकर कामावर आला, तेही माझ्याच खाती जमा झालं. मी नको म्हटलं नाही.

मी सभापतींकडे जाऊन तिला परत घ्या म्हणू शकले असते. गेले नाही. गेले असते तर त्यांनी चहा मागवला असता.

कौसाबाई घरी निरोप घ्यायला आली तेव्हा फाट्यावर पुण्याकडे जाणारा ट्रक उभा होता. नवरा लेकरांना घेऊन पुढे गेला होता. तिच्या डोक्यावर गाठोडं. मला वाटलं आता बोलेल, शिव्या देईल. मनातून मला तेच हवं होतं. ती म्हणाली, "हाजरी गेली त्येचं न्हाई एवढं, आक्का. इतक्या गड्यांत तुमी आमच्यासाठनं उभ्या ऱ्हायल्या. आमच्या जल्मात असं कुनी केलं न्हाई. नीट सांगा तरी एकदा, काय काय म्हनल्या? वाटंनं आठवत जाईन."

त्या क्षणी तरी सांगता आलं असतं. अंगणात आम्ही दोघीच होतो.

मी पदर खोचला. उभी राहिले. सभापती कुठे बसले होते ते हातानं दाखवलं. आवाज चढवून म्हटलं, "प्रश्न क्रमांक सात!" मग तो उपप्रश्न म्हटला, जसा योजला होता तसाच, अक्षर न् अक्षर. वही आणायला शिपाई कसा पळाला, सभापतींना घाम कसा फुटला, सगळं सांगितलं. फार छान सांगितलं मी. कौसाबाई गाठोडं खाली ठेवून पोट धरून हसली.

फाट्यापर्यंत मी तिच्याबरोबर चालत गेले. ट्रकच्या फाळक्यावर पाय ठेवून ती वर चढली, आणि आत बसलेल्या बायकांना माझ्याकडे बोट करून सांगू लागली.